पाणी पोचलं, पाळी ठरायची राहिली

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. चारीच्या, म्हणजे कालव्यातून रानाकडे जाणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी एवढं पाणी चोवीस तास चालू राहिलं, तर दिवसाला साधारण २,४४५ घनमीटर होतं. एक एकर रान तीन इंच भिजवायला ३०० घनमीटरच्या थोडं वर लागतं. म्हणजे कागदावर दिवसाला आठ एकर, तीन तासांना एक एकर. सांगली-साताऱ्यातल्या खानापूर, कवठेमहांकाळ किंवा खटावकडच्या एखाद्या मातीच्या चारीवर हा हिशेब मांडला, तर तोंडाजवळचा शेतकरी मान डोलावतो आणि शेवटचा ऐकूनच घेत नाही. शेवटच्या रानापर्यंत जाताना तीस टक्के पाणी सहज मुरतं. उंदरांची बिळं, कोरलेला बांध, मध्येच सोडलेला मोटरचा पाइप यांत जातं ते वेगळंच. त्याला तोच एकर भिजवायला सव्वाचार तास लागतात. पाळी, म्हणजे पाणी घ्यायची ठरलेली वेळ, मात्र दोघांनाही तीनच तासांची. तास सारखे, पाणी सारखं नाही.

त्यात पाळी सात दिवसांची असली की आणखी एक गाठ बसते. आठवड्याचे तास १६८. ज्याची वेळ मंगळवारी रात्री दोनला आली, त्याची पुढच्या मंगळवारीही रात्री दोनलाच. वर्षानुवर्षं एकच माणूस बॅटरी घेऊन रात्री पाण्याची दारं धरतो आणि शेजारचा दिवसाउजेडी. उत्तर भारताच्या वारबंदीत, म्हणजे प्रत्येकाची पाण्याची वेळ बांधून देणाऱ्या पद्धतीत, यावर साधा तोडगा आहे: ठरावीक काळाने सगळं वेळापत्रक बारा तासांनी सरकवायचं. रात्रवाल्यांना दिवस, दिवसवाल्यांना रात्र. खर्च काहीच नाही. तरीही आपल्याकडे पुष्कळ चाऱ्यांवर ते होत नाही, कारण सरकवायचं कुणी, हेच ठरलेलं नसतं.

मग एखाद्या एप्रिलमध्ये खोरं उगारलं जातं. ठाण्यात ‘शेतीच्या वादातून मारहाण’ अशी नोंद होते. पेपरात दोन ओळी येतात आणि सगळे म्हणतात, पाण्याची टंचाई आहे हो, दुसरं काय. मला हे निदान अपुरं वाटतं. अपुऱ्या निदानावर उभी केलेली योजना कितीही कोटींची असली तरी पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही.

संघर्षाचा अभ्यास ही आता एक रीतसर विद्याशाखा आहे. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधनाची संस्था काढली. त्याआधी १९५५ मध्ये त्यांनी आर्ने नेस यांच्यासोबत गांधींच्या राजकीय नीतीवर लिहिलं होतं, म्हणजे या विद्येच्या पायात आपल्याकडचीही माती आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या सशस्त्र संघर्षांची मोजदाद ठेवतात. तिथे वर्षाला लढाईत किमान २५ माणसं मेली तरच तो संघर्ष यादीत येतो. या चाळणीतून येरळा, अग्रणी किंवा माणगंगेच्या काठचा एकही तंटा वर राहणार नाही. आपली भांडणं एवढी मोठी नाहीत हे भाग्यच; पण मोजली जात नाहीत म्हणून ती नाहीतच, असं समजायची सवय सरकारला आणि आपल्यालाही लागली आहे.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी काम झालं ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात. एरन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ ते १९९९ या काळातल्या, देशादेशांमधून वाहणाऱ्या नद्यांवरच्या १,८३१ घटना गोळा केल्या. त्यांतल्या १,२२८ सहकार्याच्या निघाल्या आणि ५०७ संघर्षाच्या. पाण्यावरून महायुद्ध होणार म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवण्याजोगा आहे. त्याहून मोलाचा निष्कर्ष पुढचा. पाणी कमी असणं, लोकसंख्या जास्त असणं, हवा कोरडी असणं, यांपैकी एकट्याने कशानेही तंटा नीट उलगडत नाही. खोऱ्यातला बदल ज्या वेगाने होतो तो वेग पेलणाऱ्या संस्था तिथे नसतील, तर संघर्षाची शक्यता वाढते. म्हणजे दुष्काळापेक्षा अचानक आलेलं पाणी जास्त भांडणं लावू शकतं, जर ते वाटायची रीत त्याच्याआधी पोचलेली नसेल.

सातारा-सांगलीला हे वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्याच जिल्ह्यात माण तालुका, ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून या भागात आहेत. त्यांच्या नातवंडांनी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांचं पाणी पाहिलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढत आटपाडीपर्यंत जातं, ही अभियांत्रिकीची मोठी करामत आहे आणि तिच्यामागे लोकांची दीर्घ झुंज आहे. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत भरवलेल्या पाणी परिषदा, तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ, हे सगळं झालं नसतं तर पंप बसलेच नसते. पण पाणी चढलं आणि एका पिढीत सगळं पालटलं. कुसळं उगवायची तिथे ऊस, द्राक्ष, डाळिंब आलं. जमिनीचे भाव चढले, भाऊबंदांच्या वाटण्या पुन्हा उकरल्या गेल्या, मुंबईला गेलेला चुलता सात-बारा घेऊन परत आला. एवढ्या बदलाला तोंड द्यायला संस्था कोणती होती? एक शाखा अभियंता, एक कालवा निरीक्षक आणि गावातला वजनदार माणूस.

कायदा नव्हता असं नाही. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. पाणीवापर संस्थेत तोंड, मध्य आणि शेवट या तिन्ही भागांतून सारखे संचालक घ्यायचे, अध्यक्षपद या भागांत फिरवायचं, पाणी मोजून द्यायचं, हे सगळं त्यात आहे. ज्यांनी लिहिला त्यांना चारीवरचं भांडण ठाऊक होतं हे त्यावरून दिसतं. संस्था मात्र बऱ्याच ठिकाणी नोंदणीपुरत्या राहिल्या. पाणी मोजायची फ्ल्यूम, म्हणजे ठरावीक मापाची पन्हळ, बसवली त्या वर्षीच गाळाने भरली, आणि न मोजलेल्या पाण्याची पट्टी कोण खुशीने भरेल? इथून एक चक्र सुरू होतं. शेवटच्याला पाणी मिळत नाही, म्हणून तो पट्टी देत नाही. थकबाकी वाढते, वीजबिल थकतं, पंप बंद राहतात, एक आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची एक फेरी, चुकतं. ज्याच्याकडे पैसा आहे तो बोअर मारतो आणि योजनेतून मनाने बाहेर पडतो. उरलेल्यांवर बोजा वाढतो. वीजबिलाचा ८१ टक्के वाटा सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, या सूत्राने श्वास घ्यायला जागा मिळाली, चक्र तुटलं नाही. ते तुटतं फक्त शेवटच्या रानात ठरल्या वेळी ठरलं तेवढं पाणी पोचल्यावर.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनांच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी. नेपाळमधल्या सिंचनाच्या अभ्यासातून त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलेली एक गोष्ट आपल्या प्रत्येक अभियंत्याने वाचावी अशी आहे. तिथे शेतकऱ्यांनी दगड, माती, फांद्यांनी बांधलेले कच्चे बंधारे होते. दर पावसाळ्यात ते वाहून जात. मग ते बांधायला तोंडाच्या शेतकऱ्यांना शेवटच्यांचे हात लागत, आणि हात लागत म्हणून त्यांना पाणीही द्यावं लागे. काही ठिकाणी बाहेरच्या पैशातून पक्कं काँक्रीटचं बांधकाम झालं. तोंडवाल्यांना आता शेवटच्यांची गरज उरली नाही, आणि शेवटाकडचं पाणी आटलं. काँक्रीट उत्तम होतं. गरजेचा धागा तुटला होता. योजना आखताना सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण ठरतं तसं ‘कोण कुणावाचून अडतो’ हेही लिहून काढायला हवं, ते यासाठी.

या खोऱ्यात हे ओळखून केलेलं एक काम आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून खानापूर तालुक्यात परतलेले कामगार आणि दुष्काळाने पिचलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उचलत होते. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवायला काही राहत नाही आणि काठच्या विहिरी खाली जातात, हे लोकांनी ओळखलं. वाळूवरचा हक्क मागून, तिच्या थोड्या विक्रीतून आणि श्रमातून बलवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. त्याचं पाणी वाटायची तत्त्वं धरणाआधी ठरली: हिस्सा जमिनीच्या एकरांवर नाही तर कुटुंबावर, भूमिहीनालाही हिस्सा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. तिसरी अट कठोर वाटते. पण पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी जातं, म्हणजे एका टीएमसीत (एक अब्ज घनफुटात), वाटेत थेंबही वाया न जाता, फार तर १,४०० हेक्टर ऊस. लहान धरणावर दहा जणांनी ऊस लावला की उरलेल्यांशी तंटा लागणारच. पुढच्या तंट्याचं कारण आधीच काढून टाकणारी ती अट होती. पंचवीस वर्षं संघर्षाचा अभ्यास करणाऱ्याने जे सुचवलं असतं ते या लोकांनी चावडीवर बसून ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं.

गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेला एक विचार इथे हवाच. मारहाण नसणं ही अर्धी शांतता. कुणी हात न उगारताही व्यवस्थेच्या रचनेमुळेच माणसाचं आयुष्य खुरटतं, तेव्हा तीही हिंसाच, संरचनेतली हिंसा. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून वीज होते. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. त्या धरणासाठी उठलेल्या कुटुंबांतल्या अनेकांना जमीन आणि नागरी सुविधांसाठी पुढच्या पिढ्यांतही धरणं धरून बसावं लागलं. त्या गावांच्या नावे दंगलीची नोंद नाही. त्यांना शांत म्हणायचं का?

चारीवरही हेच होतं. शेवटच्या भागातून तक्रारच येत नाही, तेव्हा अधिकाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत आहे. पुष्कळदा तिथल्या माणसाने बोलणंच सोडलेलं असतं. शेळ्या घेतलेल्या असतात, पोरगं कुपवाड एमआयडीसीत लावलेलं असतं. शून्य तक्रारी ही आनंदाची बातमी नसून तिथे जाऊन विचारायची खूण असते.

एखाद्या योजनेवर किंवा गावात संघर्षाचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं. नाहीतर हे सगळं परिसंवादात विरून जातं.

पहिली गरज तंट्याच्या वहीची. १५ ऑगस्ट २००७ ला तासगावच्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या झाल्या. आजही नावापुरत्या का होईना त्या आहेत. त्याआधी १९४३ ते ४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायदान मंडळं चालवली होती. गावचा तंटा गावात, उघड्यावर, सगळ्यांदेखत. तेव्हा वही ठेवणं इथे नवं नाही. मात्र तिचे रकाने बदलावे लागतील. तारीख आणि आवर्तन. चारी आणि गट नंबर, माणसाचं नाव नाही. जागा तोंडाची, मधली की शेवटची. वाद वेळेचा, प्रमाणाचा, वाटेचा, थकबाकीचा की दुरुस्तीचा. कुणी मिटवला, किती दिवसांत. आणि शेवटचा रकाना: पुन्हा उपटला का? हा सगळ्यात मोलाचा. जो तंटा मिटून तीन महिन्यांत परत येतो तो मिटला नव्हता, दाबला होता. नाव टाळायचं कारण उघड आहे. वही कधी ना कधी कुणाच्या तरी हातात पडते, आणि निवडणूक जवळ असेल तर पडतेच.

तीन-चार आवर्तनांच्या नोंदी झाल्या की आकार दिसायला लागतो. वेळेचे वाद रात्रीच्या पाळ्यांवर गोळा होत असतील तर वेळापत्रक बारा तासांनी सरकवावं. प्रमाणाचे वाद शेवटाकडे असतील तर चारीच्या मध्यावर दुसरं मोजमाप बसवावं आणि शेवटच्या भागाला गळतीएवढे वाढीव तास द्यावेत, किंवा शेवटाकडून तोंडाकडे पाणी देत यावं. मोजमापाचा आकडा कचेरीत न ठेवता चारीच्या दारावर खडूने लिहावा. ज्याला आकडा दिसतो तो निदान आकड्याशी भांडतो, माणसाशी नाही.

दुसरी गोष्ट, बैठका. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की तिघेच बोलतात. तोंड, मध्य, शेवट, भूमिहीन आणि बायका यांच्या वेगळ्या बैठका घ्याव्यात, कुठल्याही पुढाऱ्याच्या वाड्यावर नाही. ‘काय पाहिजे’ असा प्रश्न विचारू नये. उत्तर ‘पाणी’ हेच येणार. विचारायचं ते असं: पाणी आठ दिवस चुकलं तर तुमचं काय बुडतं? मग उलगडतं. तासगावकडच्या द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला ठिबकने थोडंच पाणी लागतं, पण ते त्याच दिवसांत. ज्वारी पोटरीत असताना एक पाणी मिळालं तर पदरात कणीस पडतं, नाही तर कडबा. उसाला पाणी भरपूर लागतं, पण वाढलेला ऊस चार-आठ दिवस कळ काढतो. मागण्या एकमेकांवर आदळतात, गरजा बऱ्याचदा आदळत नाहीत. तारखा एकाला, लिटर दुसऱ्याला, अशी देवाणघेवाण इथूनच शक्य होते. बायकांची बैठक वेगळी घ्यायचं कारण फक्त संकोच नाही. सात-बाऱ्यावर नाव नसलं की पाणीवापर संस्थेचं सभासदत्व नाही, आणि रात्रीचं दारं धरायला, भांगलायला, पट्टीसाठी दागिना मोडायला मात्र तीच.

या अभ्यासाचंही चुकतं, आणि ठरावीक ठिकाणीच चुकतं. पाहणी करणारे दुपारी सरपंचाच्या ओसरीवर बसून फॉर्म भरतात. प्रश्न असे असतात की विसरलेली भाऊबंदकी पुन्हा जागी होते आणि पाहणीवाले पुण्याला निघून जातात. निष्कर्ष इंग्रजी अहवालात राहतात, चारीवर कधीच येत नाहीत. बक्षिसाची मोहीम असेल तर तंटा लिहायचाच नाही, असा मोह होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली त्यांत सहावं पाण्याचं आणि सोळावं शांतता व न्यायाचं. आपल्या कचेऱ्यांत ती दोन वेगळ्या टेबलांवर असतात: एक जलसंपदाकडे, दुसरं पोलिसांकडे. चारीवर ती एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

जतचं उदाहरण मोठ्या पातळीवरचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांच्या, कर्नाटकात सामील होण्याच्या जुन्या ठरावाचा हवाला दिला आणि दोन्हीकडे अस्मितेचा धुरळा उठला. ठरावामागची गोष्ट साधी होती: पाणी मिळत नव्हतं. पूर्व भागाला शेजारच्या राज्याच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जवळ दिसत होतं, आपलं म्हैसाळचं दूर. भूमिका सीमेची, गरज पाण्याची. धुरळ्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला हे बरंच झालं. पण त्याच्या दहा वर्षं आधीचे ठराव कुणी तंट्याच्या वहीसारखे वाचले असते तर त्यासाठी वाद पेटायची वाट पाहावी लागली नसती.

महापुराचंही असंच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे नदीला फुगवटा येतो की नाही, यावर तेव्हापासून वाद आहे. पुराची कारणं तपासणाऱ्या राज्याच्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही, आणि सांगलीत पुष्कळांना ते पटलं नाही. ते बरोबर की चूक हा जलशास्त्राचा प्रश्न; पण न पटण्याचं कारण शांतता संशोधनात जुनं आणि परिचित आहे. एका बाजूने केलेला अभ्यास, अचूक असला तरी, दुसऱ्याला निकाल वाटतो. उपाय म्हणजे संयुक्त तथ्यशोधन. वाद असणाऱ्यांनी मिळून तज्ज्ञ निवडायचे, कोणती माहिती घ्यायची ते आधी लिहून ठरवायचं आणि कच्चे आकडे सगळ्यांना खुले करायचे. कोयना, वारणा, धोमचे विसर्ग, राजापूर बंधाऱ्यावरची पातळी, अलमट्टीची आवक-जावक, हे सगळं दर तासाला एकाच पानावर, मराठीत आणि कन्नडमध्ये, मे महिन्यातच सुरू झालं पाहिजे. पूर चढल्यावर कुणी आकड्यांवर विश्वास ठेवायला शिकत नाही; तेव्हा जो तो पाणी कुठल्या पायरीला लागलं ते बघत असतो. दोन्ही राज्यांच्या जलसंपदा खात्यांचे अभियंते पावसाळ्यात एकमेकांना फोन करतातच. त्या फोनवरचे आकडे पलूस आणि अथणीच्या शेतकऱ्याला एकाच वेळी दिसायला नवं धरण लागत नाही की नवा लवाद. दोन मुख्य अभियंत्यांच्या सह्यांचं एक परिपत्रक पुरतं.